दोन गाड्या, सहा माणसं आणि स्टुअर्ट हायवे

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

ठरलं. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत ॲडलेडहून, म्हणजे आमच्या घरून, उलुरू, मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटातला तो प्रचंड खडक. आणि तेही रस्त्याने, बराचसा स्टुअर्ट हायवेवरून. आई-बाबा मे महिन्यात साताऱ्याहून येतायत, तोवर तयारीला वेळ आहे.

माणसं सहा: आई, बाबा, नवरा अनिकेत, मी आणि दोन्ही पोरं. आधी विचार होता आठ आसनी गाडी भाड्याने घ्यायचा. सगळे एकत्र, गप्पा, भेंड्या वगैरे. पण अशा गाडीत सहा माणसं बसली की मागे जेमतेम दोन सुटकेस बसतात. पाणी, तंबू, शेगडी, आईची डब्यांची पिशवी हे सगळं टपावर जाणार. शिवाय बाबांची कंबर. दोन तास बसले की त्यांना आडवं व्हावंच लागतं. आणि खरं कारण म्हणजे पोर्ट ऑगस्टा सोडलं की मोबाइलची रेंज गावापुरतीच राहते. एक गाडी बंद पडली तर दुसरी पुढच्या रोडहाउसपर्यंत (हायवेवरचा पेट्रोल पंप आणि खानावळ) जाऊन निरोप देऊ शकते. म्हणून दोन गाड्या.

एक आमची नेहमीची एसयूव्ही. दुसरी कुठली, यावर बाबांचं मत: "तुझी जुनी हॅचबॅक आहे की. मी आल्यावर करून देतो तयार." बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या लेखी कुठलीच गाडी म्हातारी नसते. सध्या विषय लांबणीवर टाकलाय.

२ मार्च, रविवार

आधी युलाराचं बुकिंग. उलुरूजवळ राहण्याचं गाव ते एकच, आणि जुलै म्हणजे तिथला भर हंगाम. खोली मिळाली त्या तारखा पक्क्या धरून बाकीचा प्रवास उलटा मोजत आणायचा.

हिवाळाच का, असं आईने विचारलं. कारण उन्हाळ्यात तिकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि माशा डोळ्यांत, नाकात, तोंडात शिरतात. जुलैत दुपारी विसाच्या आसपास, छान ऊन. रात्री मात्र शून्याला टेकतं, कधी खालीही जातं. आईला लोकरीचे मोजे आणि कानटोपी आणायला सांगितलंय. "वाळवंटात कानटोपी?" हा प्रश्न तिने नात्यातल्या सगळ्यांना विचारून झालाय.

१६ मार्च, रविवार

अनिकेतचा मूळ आराखडा: पहिल्या दिवशी ॲडलेड ते कूबर पीडी, ८५० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी थेट युलारा. त्याने मित्रांबरोबर असंच केलं होतं.

आईने व्हिडिओ कॉलवर तो आराखडा शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "मधे संडास कुठे कुठे आहेत?"

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. तिने शंभर पानी वही काढून रकाने आखले: ठिकाण, आधीच्या ठिकाणापासून अंतर, पेट्रोल, संडास, दवाखाना, शेरा. मी नकाशावरून सांगत गेले, ती लिहीत गेली. ॲडलेड ते पोर्ट ऑगस्टा ३१०, मधे गावंच गावं, काळजी नाही. पोर्ट ऑगस्टा ते पिंबा सुमारे १७०. पिंबा ते ग्लेन्डांबो ११३. ग्लेन्डांबो ते कूबर पीडी २५४, आणि या टप्प्यात पेट्रोल नाही, दुकान नाही, घर नाही. रस्त्याकडेच्या विश्रांतीच्या जागा आहेत, काहींना संडास आहेत, पण पाणी आणि कागद आपापला. शेऱ्याच्या रकान्यात आईने लिहिलं: "बाटली व तांब्या हाताशी ठेवणे."

कूबर पीडी ते मार्ला २३५, तिथे दवाखाना आहे. मार्ला ते कुल्गेरा १८०, मधे राज्याची हद्द ओलांडायची. तिथून अर्लडंडा ७५, आणि अर्लडंडाहून डावीकडे लॅसेटर हायवेने युलारा २४५ च्या आसपास.

वही भरल्यावर मुक्काम आपोआप ठरले: पोर्ट ऑगस्टा, वूमेरा, कूबर पीडी (दोन रात्री), मार्ला, अर्लडंडा, युलारा. सगळ्यात मोठा दिवस वूमेरा ते कूबर पीडी, ३७५ किलोमीटर. अनिकेत म्हणाला, "अहो आई, एवढ्या वेळात तर माणूस डार्विनला पोचतो." आई म्हणाली, "पोचू देत की. आपल्याला कुठे जायचंय डार्विनला?"

मलाही हा वेग पटतो. मी सत्तरीच्या जवळच्या माणसांना घेऊन चाललेय आणि जुलैत कूबर पीडीला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. संध्याकाळी कांगारू, एमू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात. साडेतीन-चारला मुक्कामी पोचायचं असेल तर दिवसात चार तास गाडी चालवणं पुरे.

३० मार्च, रविवार

बाबांना ऊडनाडाटा ट्रॅकने जायचंय. मरी गावापासून मार्लापर्यंत सुमारे सहाशे किलोमीटर कच्चा रस्ता, जुन्या घॅन रेल्वेच्या कडेकडेने. त्यांनी यूट्यूबवर सगळं पाहून ठेवलंय, कुठल्या स्टेशनची भिंत उभी आहे, कुठला पूल गंजलाय.

हे वेड लागण्याचं कारण उंट. रस्ते आणि रूळ येण्याआधी इथल्या वाळवंटात माल वाहायचे ते उंटवाले. १८६६ मध्ये थॉमस एल्डरने शंभराहून जास्त उंट आणि तीसेक उंटवाले कराचीहून पोर्ट ऑगस्टाला उतरवले. या लोकांना सरसकट 'अफगाण' म्हणायचे, त्यावरून रेल्वेचं नाव घॅन. त्यातले बरेच बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडचे होते. बाबांनी लगेच हिशेब मांडला: कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे ही वाहतूक आपल्याच इलाख्यातून सुरू झाली. फोरमनचा अभिमान कुठून कुठे पोचेल सांगता येत नाही.

पण ट्रॅक नाही. दुसरी गाडी भाड्याची घेतली तर तिच्या करारात कच्चा रस्ता चालत नाही. गेलात तर विमा रद्द. शिवाय या आठवड्यात क्वीन्सलंडच्या पश्चिम भागात प्रचंड पाऊस झालाय. ते पाणी नद्यांतून महिना-दोन महिन्यांनी इकडच्या आयर सरोवराकडे उतरेल. कच्चे रस्ते कधी बंद होतील नेम नाही, आणि 'रस्ता बंद' पाटी ओलांडली तर दंड जबर. बाबांना बदली म्हणून कूबर पीडीहून सरोवरावरून फिरवणारं छोटं विमान सुचवलं. समुद्रसपाटीच्या पंधराएक मीटर खाली असलेलं ते सरोवर एरवी नुसतं मीठ असतं. आई त्या विमानात बसणार नाही. तिचं तसं लेखी आलंय.

१३ एप्रिल, रविवार

आजचा निर्णय सगळ्यात कामाचा: दोन गाड्या जायला, एकच यायला.

जातानाचा रस्ता पाहून झाल्यावर तोच दीड हजार किलोमीटर परत कशाला सोसायचा? उलुरूनंतर ॲलिस स्प्रिंग्जला जायचं, तिथे भाड्याची गाडी सोडायची, आणि आई-बाबांना विमानाने ॲडलेडला पाठवायचं. दोन तासांचा प्रवास. त्यांच्याबरोबर मी. अनिकेत आणि पोरं एसयूव्हीने परत, हवे तर त्याचे ते आठशे किलोमीटरचे दिवस करत. एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडायचे पैसे जास्त पडतात, पण भाड्याचे परतीचे दिवस, पेट्रोल आणि मुक्काम वाचतात. बेरीज केली तर फारसा फरक पडत नाही.

त्यामुळे हॅचबॅकचा विषय मिटला. दुसरी गाडी छोटी कॅम्परव्हॅन, टोयोटा हायएसवर बांधलेली. मागे बाकाचा पलंग होतो, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज. रात्री कुणी तिच्यात झोपणार नाही, आई-बाबा खोलीत आणि पोरांचा हट्ट तंबूचा. दुपारी बाबांना पाठ टेकायला आणि चार वाजता चहा टाकायला ती हवी. दोन्ही गाड्या पेट्रोलच्या, म्हणजे वेळ आली तर एकच कॅन दोघींना चालेल.

कराराच्या अटी आईच्या वहीत मागच्या पानावर: गावाबाहेर सूर्यास्तानंतर चालवायची नाही. डांबरी सोडायची नाही. चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव आधी नोंदवायचं. जनावराला धडक बसली तर सुरुवातीची मोठी रक्कम आपल्या खिशातून.

२७ एप्रिल, रविवार

कागदपत्रं.

बाबांनी सातारा आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, हजार रुपये फी, मुदत एक वर्ष. पर्यटक म्हणून आलेल्या माणसाला दक्षिण ऑस्ट्रेलियात आपल्या इंग्रजी परवान्यावर गाडी चालवता येते, पण भाड्याच्या काउंटरवर दोन्ही दाखवलेलं बरं.

विमा दोघांचा काढला. भारतातून फिरायला आलेल्यांना मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, लागू नाही, आणि ॲम्ब्युलन्सचं बिलही अंगावर येतं. आधीपासूनचे आजार लिहून दिले: बाबांचा बीपी आणि साखर, आईचा गुडघा. लपवून हप्ता कमी होतो, पण दावा करताना तेच नडतं. औषधं तीन महिन्यांपुरती, मूळ पाकिटात, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत. प्रत्येक गोळीचं दुकानी नाव सोडून घटकाचं नाव लिहून घ्यायला सांगितलंय, कारण कूबर पीडीच्या डॉक्टरला साताऱ्यातला ब्रँड कळणार नाही.

काय आणू नका, याची यादी पाठवली. कढीपत्ता नाही. बी-बियाणं नाही. दुधाचे पदार्थ नाहीत, कारण भारतातल्या गुरांमध्ये लाळ्या-खुरकूत आहे आणि ऑस्ट्रेलिया त्याबाबत अजिबात सूट देत नाही. म्हणजे कंदी पेढे नाहीत. यावर फोनवर बराच वेळ शांतता होती. बाकी खाण्याचं जे काही आणाल ते विमानातल्या कार्डावर 'हो' लिहून जाहीर करा. जाहीर केलं तर फार तर काढून घेतात, दडवलं तर दंड.

१८ मे, रविवार

आले. पेढ्यांशिवाय, पण मेतकुटासकट.

आज बाबांना ऑटोमॅटिक गाडी दिली. रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये. इथे वाहतूक डावीकडूनच, स्टेअरिंग उजवीकडे, त्यामुळे दिशेची अडचण नाही. अडचण डाव्या पायाची. इतक्या वर्षांची सवय. गाडी थांबवायची वेळ आली की तो पाय आपोआप क्लच शोधतो, आणि सापडतो तो ब्रेक. पहिल्यांदा आम्ही दोघं काचेवरच गेलो असतो. बाबांनी गाडी उभी केली, डाव्या पायातला बूट काढला आणि पाय सीटच्या कडेला दुमडून घेतला. "आता शोधू दे त्याला काय शोधायचं ते." पुढचा अर्धा तास काही अडलं नाही.

मला काळजी वेगळीच आहे. बाबांनी खंबाटकी घाटात ब्रेकडाऊन झालेल्या गाड्या रात्री उतरवून आणल्यात. समोरच्या ट्रकचा दिवा कसा हलतो यावरून ते ड्रायव्हर पेंगतोय का सांगतात. पण ती सगळी हुशारी गर्दीतली. ग्लेन्डांबोच्या पुढे गर्दीच नाही. तासभर वळण येत नाही, तासभर काही घडत नाही, आणि डोळा लागतो तो तिथेच. म्हणून ठरवलं: बाबांचा हात सकाळच्या टप्प्यात, एका वेळी तासभर, शेजारी मी. दर दोन तासांनी दोन्ही गाड्या थांबणार, कुणाला गरज असो वा नसो.

बाबांनी हे लगेच मान्य केलं. "डबल ड्युटी मला मान्यच नव्हती कधी."

९ जून, सोमवार

राजाच्या वाढदिवसाची सुट्टी जोडून रंगीत तालीम झाली. आमची एसयूव्ही आणि हॅचबॅक घेऊन क्वॉर्न, हॉकर, विल्पेना पाउंड. दोन गाड्या एकमेकींना धरून चालवणं हे शिकावं लागतं, हे पहिल्याच तासात कळलं. मागची गाडी सिग्नलला अडकते, पुढची हळू होते, तिच्या मागे रांग लागते, लोक चिडतात.

आता नियम असे. कॅम्परव्हॅन पुढे, कारण ती सावकाश. एसयूव्ही मागे. दोघींमध्ये अर्धा किलोमीटर अंतर. उत्तरेकडे ५३ मीटर लांबीच्या रोड ट्रेन असतात, तीन-तीन ट्रेलर लावलेल्या. मागून अशी गाडी आली तर तिला आधी एक ओलांडून मधे शिरता आलं पाहिजे. चिकटून चाललो तर तिला दोन्ही एकदम ओलांडाव्या लागतील. समोरून आली तर स्टेअरिंग घट्ट धरायचं, हवेचा धक्का कॅम्परव्हॅनच्या उंच अंगाला लागतो. वळायचं असेल तिथे पुढची गाडी थांबून राहणार, मागची दिसेपर्यंत.

वॉकीटॉकी घेतले, पाच वॅटचे यूएचएफ. ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनेलवर, कॅरव्हॅनवाले १८ वर. ५ आणि ३५ संकटासाठी राखीव, तिथे गप्पा मारणं गुन्हा आहे. आम्ही १८ वर बोलणार, ४० ऐकत राहणार. तालमीत आई मागच्या गाडीत होती आणि रेडिओ तिच्या हातात. पहिले दोन निरोप शिस्तीत गेले. तिसरा: "अहो, गोळी घेतली का? ओव्हर." चॅनेल सार्वजनिक आहे हे सांगितलं. "मराठीत कोण ऐकतंय," म्हणाली. हॉकरच्या पेट्रोल पंपावर एक गृहस्थ येऊन विचारून गेले, "काका, गोळी घेतली ना?" मेलबर्नचे निघाले. मूळचे सांगलीचे.

कुणी कुठल्या गाडीत बसायचं, हेही तालमीत सुटलं. आई-बाबा एका गाडीत नकोत. बाबा शेजारून गाडी चालवतात आणि आई मागून बाबांना चालवते. प्रत्येक थांब्यावर एक पोरगं इकडचं तिकडे, म्हणजे आजी-आजोबा दोघांना वाटून मिळतात.

२१ जून, शनिवार

पेट्रोल: दोन्ही गाड्यांच्या टाकीत सगळ्यात मोठा टप्पा सहज पार होतो, तरी टाकी अर्धी झाली की भरायची. समोरून वारा असला तर खप बराच वाढतो. वीस लिटरचा एक कॅन टपावर, गाडीच्या आत नाही. मध्य ऑस्ट्रेलियात साध्या पेट्रोलच्या जागी बऱ्याच पंपांवर 'ओपल' मिळतं. पेट्रोल हुंगण्याचं व्यसन मोडायला २००५ पासून आणलेलं, वास घेऊन नशा न चढणारं इंधन. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला ते चालतं. बाबांनी हे दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "सरकारला असंही सुचतं म्हणजे."

पाणी: माणशी दिवसाला पाच लिटर पिण्याचं, दोन दिवसांचा साठा कायम. साठ लिटर झाले. दोन गाड्यांत वाटून ठेवायचे, सगळे एकीत नाही. औषधांचंही तेच, निम्मी इकडे निम्मी तिकडे.

संकटाचा बीकन घेतला. कळ दाबली की उपग्रहामार्फत ठिकाण कळतं. नोंदणी ऑस्ट्रेलियन मेरीटाइम सेफ्टी ऑथॉरिटीकडे, फुकट. तो मागच्या गाडीत, आईच्या ताब्यात. सगळ्यांत कमी हाताळाहाताळ तिच्याकडे होते.

खाणं: रोडहाउसमध्ये बर्गर, चिप्स आणि 'पाय' (सारण भरलेली पेस्ट्री), त्यामुळे आईच्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट-भात. फळं जाताना संपवायची. नॉर्दर्न टेरिटरीतून दक्षिण ऑस्ट्रेलियात परत येताना फळमाशीच्या भीतीने फळं आणता येत नाहीत, हे अनिकेतला लिहून दिलंय.

२९ जून, रविवार

उलुरूचे पास ऑनलाइन काढले, तीन दिवस चालतात. बाबांकडे जुन्या मासिकातला फोटो होता: साखळी धरून वर चढणारी माणसांची रांग. चढाई २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे, तिथल्या मूळनिवासी अनंगू लोकांच्या मागणीवरून. १९८५ मध्ये त्याच तारखेला जमीन त्यांच्या नावावर परत झाली होती. बाबा जरा हिरमुसले. आई म्हणाली, "कुणाच्या देवघरावर चढायचं कशाला?" विषय संपला. पायथ्याची फेरी दहा किलोमीटर आहे, आम्ही मुतितजुलुच्या पाणवठ्यापर्यंतचा छोटा सपाट तुकडा करू, आईचा गुडघा तेवढा चालतो. काही भागांत फोटो काढू नका अशा पाट्या असतात, पोरांना आत्ताच बजावलंय.

धाकट्याचं लक्ष मात्र वूमेरावर. जपानच्या हायाबुसा-२ यानाने लघुग्रहावरची माती २०२० च्या डिसेंबरमध्ये तिथल्याच राखीव क्षेत्रात उतरवली होती. ती माती तिथे आता नाही, हे त्याला मान्य नाही.

४ जुलै, शुक्रवार

आज कॅम्परव्हॅन ताब्यात घेतली. काउंटरवरच्या मुलाने दहा मिनिटांत चावी द्यायची तयारी ठेवली होती. बाबांनी पाऊण तास लावला. आधी एक फेरी नुसती बघत. मग टॉमी मागितली. नव्हती, तेव्हा स्वतःच्या पिशवीतून पान्हा काढून प्रत्येक टायरवर ठोका मारून आवाज ऐकला. मागच्या डाव्या चाकाशी थांबले, परत ठोकला, हवा बघायला लावली. कमी निघाली. मग गुडघ्यांवर वाकून टॉर्च मारला: स्टेपनी आहे, जॅक आहे, जॅकचा दांडा नाही. मुलगा आतून दुसऱ्या गाडीचा दांडा घेऊन आला. तो बसतो का हे बाबांनी चाक अर्धा इंच उचलून पाहिलं, तेव्हाच सही केली. मला म्हणाले, "गाडी रस्त्यात बंद पडत नाही, डेपोतून बंद पडूनच निघते."

संध्याकाळी सामान चढवलं. रेडिओ चार्जिंगला लावले. आईने वहीत नवं पान काढून उद्याची तारीख घातली आणि दोन्ही गाड्यांचे किलोमीटर उतरवून घेतले.

निघायच्या वेळेवरून शेवटची चर्चा झाली. बाबांना पहाटे पाच हवे होते. करार अंधाराला नाही म्हणतो, आणि उद्या फक्त ३१० किलोमीटर आहेत. साडेआठ ठरले. बाबांनी तरीही गजर साडेचारचा लावलाय.